मुकुटधारी राजा, बोडका गरुड

श्रोतेहो, नमस्कार. १९७९ साली वॉर्साच्या टांकसाळीतून पोलंडच्या राजांची नाणी बाहेर पडू लागली. सत्ता कम्युनिस्टांची, आणि नाण्यावर राजे! पहिला मान म्येश्कोचा, ज्यानं ९६६ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढं बोलेस्वाव ख्रोब्री, काझिमिएश आणि व्हिएन्ना वाचवणारा यान सोबिएस्की. नाणं उलटलं की मात्र राष्ट्रचिन्हाचा गरुड दिसतो, तोही बोडका. त्याचा मुकुट या राजवटीनं काढून घेतला होता. तो परत मिळाला १९९० मध्ये. एकाच नाण्यावर मुकुटधारी राजा आणि मुकुट गेलेला पक्षी. मला विचाराल तर निव्वळ या विसंगतीसाठी ही मालिका जमवावी.

पण संग्राहकांचा खरा जीव अडकतो तो चाचणी नाण्यांत. त्यांवर ‘प्रूबा’ म्हणजे चाचणी असा शब्द असतो. टांकसाळ नवा नमुना आधी थोडक्या नगांत पाडून बघायची. निकेलच्या चाचण्या बहुधा पाचशेच नग, चांदीच्या काही हजार. व्यवहारात ती कधी उतरलीच नाहीत, संग्राहकांकडंच गेली.

आता चेहऱ्यांचं. म्येश्कोचं त्याच्या हयातीतलं एकही चित्र उरलेलं नाही. यान मातेइको या चित्रकारानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलंडच्या राज्यकर्त्यांची ४४ रेखाचित्रं काढली, आणि पोलिश माणसाच्या डोळ्यांपुढं आजही बहुधा तेच चेहरे येतात. म्हणजे नाण्यावरचा म्येश्को हा कल्पनेतलाच म्येश्को.

घेताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. झ्वॉती हे पोलंडचं चलन. त्यातली चलनात आलेली ५० झ्वॉतींची नाणी तांबं-निकेलच्या मिश्रधातूची. ती चुंबकाला चिकटत नाहीत. शुद्ध निकेलची चाचणी चिकटते. चांदीचं नाणं असेल तर वजन करून बघा. आणि कृपा करून चिंच लावून घासू नका! देवघरातली भांडी नव्हेत ती. घासलेल्या नाण्याला जाणकार गिऱ्हाईक मिळत नाही.

गंमत म्हणजे १९९५ मध्ये पोलंडनं चलन बदललं, दहा हजार जुन्या झ्वॉतींचा एक नवा झ्वॉती केला. त्या हिशेबानं म्येश्कोच्या पन्नास झ्वॉतींची किंमत उरली अर्धा ग्रोश (शंभर ग्रोशांचा एक झ्वॉती), आणि अर्ध्या ग्रोशचं नाणंच नव्हतं. चाचणी नाण्यावर या उलथापालथीचा काडीचा परिणाम झाला नाही. बाजारात त्याचा भाव दर्शनी आकडा बघून ठरतच नाही. धातू कोणता, नग किती आणि पृष्ठभाग किती शाबूत, एवढंच बघतात.