बटनवरची पंजी-पंजी

[डीलरचे हात, जवळून]

टेक्सस होल्डेम पोकरच्या टेबलवरचे हे हात बघा. पत्ते पिसले, कापले, वाटले, आणि दोन मिनिटांनी परत तेच. लाइव्ह टेबलवर तासाला २५ ते ३० डाव होतात, त्याहून जास्त नाही. हातातल्या दोन पत्त्यांची पॉकेट पेअर, म्हणजे सारख्या पत्त्यांची जोडी, येते सरासरी १७ डावांत एकदा, म्हणजे तासभर बसूनही दोनदा येईलच असं नाही. मग माणूस कंटाळतो आणि गुलाम-चव्वी दोन्ही बदाम दिसले तरी चिप्स आत टाकतो.

[टेबल वरून, चिप्स मध्ये सरकताना]

ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स, १ आणि २. पहिल्या सीटवाल्याने २ टाकले, मग दुसऱ्याने, मग आणखी दोघांनी, रेझ, म्हणजे रक्कम वाढवणं, कुणाचंच नाही. छोट्या गेममध्ये हे सारखंच दिसतं, फोल्ड करायची, म्हणजे पत्ते टाकून द्यायची, कुणाची तयारीच नसते. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ११ जमलेत, पुढच्या फेऱ्यांत सगळ्यात शेवटी बोलणाऱ्या बटनवरच्या पोराला फक्त २ टाकायचेत आणि त्याने कॅमेऱ्याला दाखवलेले पत्ते आहेत पंजी-पंजी.

इथे आपण जरा थांबू, कारण अख्खा खेळ इथेच ठरतो असं मला मनापासून वाटतं. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, तिसरी पंजी येऊन सेट (तीन सारखे पत्ते) लागायची शक्यता जेमतेम १२ टक्के, साधारण साडेआठ वेळांत एकदा. आणि पॉट देतोय २ ला ११, म्हणजे साडेपाचच पट, त्यामुळे नुसत्या पॉटकडे बघितलं तर कॉल, म्हणजे तेवढे टाकून आत राहणं, तोट्याचंच. पण समोरच्यांपुढे दोन-दोनशेच्या चिप्स आहेत ना, आणि ही मंडळी टॉप पेअर, म्हणजे टेबलवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी, लागली की सोडत नाहीत, खरी कमाई त्या मागच्या चिप्समध्ये आहे. म्हणून जाणकार बघतात की कॉलच्या पंधरा-वीस पट तरी समोर आहे का. इथे शंभर पट आहे. हाच कॉल १५ चा असता आणि समोर २०० वाला एकटाच असता तर जेमतेम तेरा पट, मग हीच पंजी-पंजी सरळ फोल्ड.

[पहिली सीट, पत्त्यांचे कोपरे उचलताना]

याच्याकडे राजा-गुलाम, वेगवेगळ्या सूटचे (बदाम, इस्पिक वगैरे). दिसायला किती छान, पण माझ्या मते लूज, म्हणजे सगळेच आत येतात अशा, गेममध्ये सगळ्यात जास्त चिप्स खाणारा हात हाच, कारण तो बहुतेक वेळा एकच जोडी लावतो आणि सात जणांच्या पॉटमध्ये एका जोडीवर भरवसा ठेवता येत नाही. एक्क्यांच्या जोडीचंच घ्या ना, एका अनोळखी हातासमोर ती ८५ टक्के जिंकते, पाच हातांसमोर निम्म्यावर येते. त्यात याचा राजा लागला तरी कुणाकडे एक्का-राजा, राजा-राणी असेल तर हा मागेच, आणि बोलायची पाळीही बहुतेकांच्या आधी याचीच. समोरचे फोल्डच करत नाहीत म्हटल्यावर ब्लफही चालत नाही.

[दोन बदाम, टेबलवर उघडे]

आणि हे सूटेडचं वेड. एकाच सूटचे दोन पत्ते असले की फ्लॉपवर पूर्ण फ्लश (पाचही पत्ते एकाच सूटचे) लागतो १ टक्क्याहूनही कमी वेळा, ड्रॉ, म्हणजे एकाच पत्त्याची कमी, मिळतो साधारण ११ टक्के वेळा, तोही रिव्हरपर्यंत, म्हणजे पाचव्या उघड्या पत्त्यापर्यंत, पूर्ण होतो तीनातून एकदा. सूटेड असल्याचा फायदा एकूण दोन-तीन टक्क्यांचा. सत्ती-अठ्ठी सूटेड बटनवर स्वस्तात जरूर बघा, गुलाम-चव्वी नको, एवढे जण आत असताना मोठा फ्लश दुसऱ्याकडे निघाला की वाट लागते.

[फ्लॉप]

राजा, पंजी, दुर्री, तीन वेगळ्या सूटचे. राजा-गुलामवाला बेट करतो, बटनवाला रेझ करतो, तो कॉल करतो, टर्नला, म्हणजे चौथ्या उघड्या पत्त्यावर, परत बेट, परत रेझ, शेवटी सगळं आत. राजा-गुलामवाल्याचे २०० गेले आणि त्याने पुन्हा चिप्स घेतल्या.

[ब्लाइंडच्या दोन सीटा]

स्मॉल ब्लाइंडला एकच टाकायचाय म्हणून लोक काहीही खेळतात, पण फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी सगळ्यात आधी बोलायचं तिथेच, त्यामुळे स्वस्त दिसलं तरी कमजोर हात तिथून टाकलेलेच बरे. बिग ब्लाइंडला रेझ नसेल तर फ्लॉप फुकट मिळतो, तो नक्की बघा, मात्र गुलाम-चव्वीतली चव्वी लागली आणि समोरून बेट आली की पत्ते डीलरकडे सरकवायचे, हे शॉटमधले काका आत्ता करतायत तसंच.