झोन दोन आहे हो, पण खाली काय आहे?

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय "कमी भूकंपप्रवण क्षेत्रातील मृदेचे भूकंपीय वर्तन", तर आधी सांगून टाकतो की हे शीर्षक माझं नाही, मी फोनवर फक्त "मातीवर बोलतो" एवढंच म्हटलं होतं, बाकी संयोजकांचं कर्तृत्व. पण विषय तोच आहे, घाबरू नका.

मला आज एकच गोष्ट सांगायचीय. आपण धरून चालतो की जिथे भूकंप कमी, तिथे मातीची काळजी कमी. माझं म्हणणं उलटं आहे. हादरा हलका असेल तर मऊ माती त्याला जास्त पटीने वाढवते, आणि हादरा दणदणीत असेल तर कमी पटीने वाढवते. म्हणजे पटीत बघितलं तर मातीचा सगळ्यात मोठा हिशेब आपल्यासारख्या शांत झोनमध्येच करायला हवा आणि नेमका इथेच कोणी करत नाही. हे का होतं ते शेवटी सविस्तर सांगतो, वेळ आहे आपल्याकडे.

इथे संभाजीनगरात कोणाही बिल्डरला भूकंपाचं विचारा, उत्तर ठरलेलं. "सर आपला झोन दोन." खरंय, देशाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात आपला झोन दोन आहे, आकडा जितका लहान तितका धोका कमी. पण त्या नकाशाची एक सवय लक्षात ठेवा, तो भूकंपाच्या मागे मागे चालतो. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला ६.३ चा झाला, १९७० मध्ये नकाशा बदलला. किल्लारी तर झोन एकमध्ये होतं, सगळ्यात सुरक्षित रंगात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. तुमच्यातले पन्नाशीच्या पुढचे जे आहेत त्यांना आठवत असेल, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून उशिरा झोपलेले. साधारण आठ हजार माणसं गेली. मग २००२ मध्ये झोन एक नावाचा प्रकारच नकाशातून काढून टाकला. आता कमीत कमी झोन दोन. म्हणजे बिल्डर ज्याला अभिमानाने झोन दोन म्हणतो तो यादीतला शेवटचा आकडा आहे, त्याच्या खाली काही उरलेलंच नाही.

किल्लारीबद्दल एक स्पष्ट बोलतो, नाहीतर कोणीतरी बाहेर जाऊन सांगेल की सर म्हणाले काळ्या मातीने माणसं मारली. नाही. माणसं मारली ती भिंतींनी. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या, दोन्ही तोंडांना बांधणारा दगड नाही, आणि डोक्यावर धाब्याचा मातीचा बोजा. ते घर खडकावर असतं तरी पडलं असतं. पण खाली बघा काय होतं. तेरणेकाठची काळी माती काही मीटर आणि तिच्याखाली बेसॉल्ट. नंतर एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे बोअर घेतलं तर बेसॉल्टच साधारण ३४० मीटर निघाला. म्हणजे प्रचंड कडक खडकावर पातळसा मऊ थर, आणि सप्टेंबरअखेर तो पावसाने भिजलेला. अशा थराने हादरा किती वाढवला? सांगता येत नाही, कारण आसपास एकही स्ट्राँग मोशनचं, म्हणजे जोरदार हादरा मोजणारं, यंत्र नव्हतं. झोन एकमध्ये यंत्र कशाला ठेवायचं, नाही का!

आता एक किस्सा. सोलापूरच्या अलीकडे एक तालुक्याचं गाव, नाव सांगत नाही, बिल्डरचंही नाही आणि त्या लॅबचं तर अजिबातच नाही, कारण त्यांचे कोणीतरी पाहुणे इथे बसलेले असणार. खाली पार्किंग, वर सहा मजले. माझ्याकडे डिझाइन तपासायला आलं. सोबत सॉइल रिपोर्ट, छान स्पायरल बाइंडिंग, रंगीत कव्हर. मी सवयीने आधी पानं चाळतो, आणि सातव्या की आठव्या पानावर वाक्य सापडलं की "भरतीच्या वेळी भूजल पातळीत वाढ अपेक्षित आहे".

हसू नका, मी पण आधी हसलोच. सोलापूर जिल्ह्यात भरती! कुठल्या समुद्राची? उजनीची? उघड होतं की मुंबईच्या कुठल्यातरी साइटचा रिपोर्ट घेतलाय, वरचं नाव बदललंय आणि हे वाक्य बिचारं राहून गेलंय. मग मी बोअरलॉग काढले, म्हणजे बोअरमध्ये किती खोलीला काय लागलं त्याच्या नोंदी. तीन बोअर. तिन्हीत दीड मीटरला मुरूम, तीन मीटरला रिफ्युजल, म्हणजे ठोकूनही नळी पुढे जात नाही, आणि एसपीटीचे आकडे तिन्हीकडे तंतोतंत तेच. आता सिव्हिलवाल्यांना माहितीय, बाकीच्यांसाठी सांगतो, एसपीटी म्हणजे साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे. मोजणारा बहुतेक एखादा दमलेला पोरगा असतो, मध्ये त्याचा फोन वाजतो, अठराचे वीस होतात, चालतं, तेवढं धरलेलं असतं. पण तीन वेगळ्या ठिकाणी सारखेच ठोके हे निसर्गात होत नाही, ते फक्त कंप्युटरवर होतं.

म्हणून साइटवर गेलो. तिथे वॉचमनची बायको होती, तिला विचारलं की बाई, मशीन कधी आलं होतं? ती म्हणाली, "कुठलं मशीन साहेब, दोघंजण आले, खड्ड्यातली पोतंभर माती नेली अन् च्या पिऊन गेले." तेवढ्यात शेजारचे एक आजोबा आले. आपल्याकडे साइटवर कोणी वाकून जमिनीकडे बघायला लागलं की एक आजोबा येतातच, आणि माझा अनुभव असा की तो माणूस सगळ्या रिपोर्टांपेक्षा भारी असतो. ते म्हणाले, "हितनं ओढा होता, पावसाळ्यात बैलगाडी रुतायची, नंतर नगरपालिकेनं भर टाकली." कुठे होता विचारलं तर काठीने रेघ मारून दाखवली, बरोब्बर प्लॉटच्या मधून तिरकी.

भांडून भांडून खरे बोअर घ्यायला लावले. उत्तरेच्या कोपऱ्यात दोन मीटरला चांगला मुरूम. दक्षिणेच्या कोपऱ्यात नऊ मीटरपर्यंत भराव आणि त्याखाली ओली काळी माती, आणि भरावात काय काय, चपला, प्लास्टिक, विटांचे तुकडे, एक मोडका देव्हारा. आता विचार करा, एकच इमारत, अर्धी मुरमावर आणि अर्धी या कचऱ्यावर. भूकंप सोडा, साध्या वजनानेच एक बाजू खचणार. आणि हादरा आला तर एका बाजूची जमीन एका लयीत हलणार, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या, आणि वरची बिल्डिंग पिळवटणार, त्यात खाली पार्किंगचे नुसते बोडके कॉलम. मी म्हटलं सगळीकडे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरणारे खांब, घ्या, खाली खडकात टेकवा. बिल्डर बराच वेळ गप्प बसला आणि मग मला विचारतो, "सर, बँकेला जुना रिपोर्ट आणि तुम्हाला नवा, असं नाही का चालणार?"

तर हे आपलं माती परीक्षण. सगळे असे नसतात हो, चांगल्या लॅब आहेत, मनापासून काम करणारी पोरं आहेत, पण ज्या गावात "इथे कुठे भूकंप" हे वाक्य चालतं तिथे हा रिपोर्ट म्हणजे फाइलला लावायचं पान झालंय. आणि जुनी माणसं गाव वसवताना पांढरी बघायची, काळी शेतीला ठेवायची, आता एनए झालं की काळी काय, पांढरी काय, ओढा काय, सगळा प्लॉटच.

आता बाहेरची उदाहरणं. २६ जानेवारी २००१, भूज. केंद्रापासून अहमदाबाद सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. योगायोग बघा, इथून किल्लारीही साधारण तेवढंच. अर्थात भूजचा ७.७ आणि किल्लारीचा ६.२, ऊर्जेत पावणेदोनशे पटीच्या आसपास फरक आहे, त्यामुळे तुलना तिथेच थांबवतो. पण अहमदाबादमध्ये जमिनीवर मोजलेला हादरा किती होता? गुरुत्वाच्या जेमतेम दहावा हिस्सा, ०.१. आपल्याकडचा भूकंपाचा बांधकाम कोड, आयएस १८९३, त्याची २०१६ ची आवृत्ती झोन दोनला जो आकडा देते, तोच. आणि तेवढ्यात साबरमतीच्या गाळावरच्या कित्येक बहुमजली इमारती बसल्या, शेकडो माणसं गेली. बांधकाम वाईट होतं, पार्किंगचा मजला कमजोर होता, सगळं खरं, पण जुन्या गाळाने लांबून आलेली ती संथ लाट धरून वाढवली हेही खरं.

दुसरं न्यूकॅसल, ऑस्ट्रेलिया. २८ डिसेंबर १९८९, फक्त ५.६. ऑस्ट्रेलियाच्या नोंदीतला माणसं मारणारा हा पहिला भूकंप, १३ गेली. शांत खंड, जुन्या विटांच्या इमारती, आणि नुकसान कुठे जास्त? नदीच्या गाळावर आणि भरावावर. तिसरं नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन, तिथे तर नैसर्गिक भूकंप जवळपास नव्हतेच, जमिनीतून गॅस काढून काढून सुरू झाले. २०१२ मध्ये हाउझिंगेला ३.६ चा, आपल्याकडे ३.६ ला पेपरात चार ओळी येतात, पण तिथे जेमतेम तीन किलोमीटर खोलीवर केंद्र, वर चिखल आणि पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची, माती, विटांची घरं, भेगांच्या तक्रारींचा पाऊस पडला, आणि शेवटी २०२३ मध्ये गॅस काढणंच बंद केलं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग मुख्य मुद्दा पटापट घेतो, तो राहिला तर मी घरी जाऊन झोपणार नाही.

मऊ माती म्हणजे ताटलीतला खरवस समजा. ताटली हळूच हलवा, खरवस वर डुगडुगतो, ताटलीपेक्षा जास्त. पण ताटलीला जोरात हिसका द्या, खरवस फाटतो, आणि फाटला की पूर्वीसारखा डुगडुगत नाही, हिसक्याची ताकद फाटण्यातच खर्च होते. मातीचं तेच. हलक्या हादऱ्यात कण जागा सोडत नाहीत, ऊर्जा कमी जिरते, लाट वाढत वाढत वर येते. जोरदार हादऱ्यात माती स्वतः सैल होते, ऊर्जा खाते, त्यामुळे पट कमी होते. अमेरिकेच्या एएससीई सात कोडच्या २००५ च्या आवृत्तीत हे सरळ तक्त्यात आहे, मऊ मातीच्या वर्गाला ठेंगण्या इमारतींसाठी कमी हादऱ्यात गुणक २.५ आणि खूप जोरदार हादऱ्यात ०.९. वाढ सोडा, उलट घट!

आणि चिकण माती जितकी प्लास्टिक, म्हणजे ओली असताना न तुटता वळणारी, तितकी ती उशिरा सैल होते. मेक्सिको सिटी, १९८५, केंद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, शहरातल्या खडकावर हादरा गुरुत्वाच्या ०.०३-०.०४ आणि तळ्याच्या गाळावर ०.१७. आपली काळी माती आणि मुंबई-नवी मुंबईकडचा खाडीचा गाळ दोन्ही चांगलेच प्लास्टिक. कळलं का मी कुठे चाललोय?

दुसरं, लय, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, आम्ही त्याला पिरियड म्हणतो. थराची जाडी गुणिले चार, भागिले त्यातला शिअर लाटेचा, म्हणजे जमीन आडवी हलवणाऱ्या लाटेचा, वेग. खाडीचा १५ मीटर गाळ, वेग सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ०.६ सेकंद. सहा मजली इमारतीचा स्वतःचा पिरियड ढोबळ मानाने ०.६ सेकंद. जुळलं. काळी माती तीन मीटर, वेग १२०, म्हणजे ०.१ सेकंद, एक मजली घराचा आकडा. जुळलं. जुळणं इथे चांगलं नसतं, झोपाळ्याला तालात ढकलल्यासारखे हेलकावे वाढतात.

आता आपला आयएस १८९३. २०१६ च्या आवृत्तीत ठेंगण्या इमारतींना खाली खडक असो की चिखल, हादऱ्याला गुणायचा आकडा तोच २.५. ०.४ सेकंदाच्या पुढे मातीमुळे फरक पडायला लागतो, खडकाला १, मध्यम मातीला १.३६, मऊ मातीला १.६७. आणि हे गुणक झोन दोनला जे, तेच झोन पाचला. हादऱ्याच्या जोराप्रमाणे मातीची पट बदलते हे गणितातच नाही. मी कोडच्या विरोधात नाही, कोड पाळलात तरी पुष्कळ आहे, पण कोड पाळला म्हणून मातीकडे बघायचं संपलं असं होत नाही.

द्रवीकरणाचं राहिलं, जमीन पाण्यासारखी होते ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, त्याला सैल वाळू, वर आलेलं पाणी आणि बऱ्यापैकी वेळ टिकणारा हादरा लागतो. दख्खनच्या पठारावर तिन्ही एकत्र क्वचित, वाळूचा भराव टाकलेल्या जागी मात्र बघा.

एकच प्रश्न घ्या म्हणतायत. हां, बोला ताई. तयार फ्लॅटमध्ये राहतो, आता काय करायचं? माती बदलता येत नाही. सोसायटीने आधी जुना सॉइल रिपोर्ट मागून घ्या, त्यात बोअर कुठे घेतले त्याचा नकाशा आहे का बघा. नसेल तर एमएडब्ल्यू चाचणी करून घ्या, म्हणजे एमएएसडब्ल्यू, माझी जीभ वळत नाही, जमिनीवर रांगेत सेन्सर ठेवून हातोडा मारतात, खणावं लागत नाही, वेग कळतो. मग पार्किंगचे कॉलम एखाद्या चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, गरज पडली तर तिथे ठरावीक जागी आरसीसीच्या भिंती किंवा स्टीलचे तिरके ब्रेस घालता येतात, वरच्या मजल्यांना हात लावावा लागत नाही. दोन गाड्यांची पार्किंग जाईल आणि त्यावरून सोसायटीत जी मीटिंग होईल तिला मला बोलावू नका.