नडगी दुखते म्हणून आलेली मुलगी आणि स्पोर्ट्समधली तीन मास्टर्स

नमस्कार मंडळी! ताई, स्पोर्ट्समध्ये मास्टर्स करायचंय, कुठलं करू, हा प्रश्न मला इतके जण विचारतात, आणि मी उलट विचारलं की बाबा तुला रोज उठून करायचंय काय, तर समोरून शांतता. कारण फिजिओ, न्यूट्रिशन आणि एक्सरसाइज सायन्स, तिन्ही कामं लांबून सारखीच दिसतात, ट्रॅकसूट घालून खेळाडूच्या बाजूला उभं राहायचं. म्हणून कोर्सचं नंतर बोलू, आधी एका पोरीचं सांगते.

१७ वर्षांची, ३००० मीटर पळायची. उजवी नडगी दुखते म्हणून आली. मी हाडाच्या आतल्या कडेनं वरून खाली अंगठा दाबत गेले आणि खालच्या बाजूला रुपयाएवढ्या एका जागी आले तशी तिनं पाय झटकन ओढून घेतला. हे नीट ऐका, शिन स्प्लिंट्सचं, म्हणजे पळण्याच्या ताणानं नडगीच्या कडेला येणारं, दुखणं कडेनं पसरलेलं असतं, निदान पाचेक सेंटीमीटर, आणि एका बोटानं दाखवता येईल असं दुखत असेल तर आधी स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला गेलेल्या बारीक चिरेचा, संशय घ्यायचा. एक्स-रेत सुरुवातीला बऱ्याचदा काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये सापडतं. हिचं तेच निघालं. त्याआधी दीड महिना स्प्रे मारून मारून तिला पळवलं होतं, मला आजही राग येतो त्याचा.

हे झालं स्पोर्ट्स फिजिओचं काम. त्यासाठी एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतलं मास्टर्स, दोन वर्षांचं, आणि ते फक्त बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेल्यांनाच. बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) किंवा बीएस्सीवाल्यांना हे दार नाही, त्यात वेळ घालवू नका.

मग मी विचारलं, पाळी येते का वेळेवर? म्हणाली, पाच महिने नाही आली मॅडम, पण सर म्हणाले पळणाऱ्या मुलींचं होतं असं, चांगलंच आहे. अजिबात चांगलं नाहीये! व्यायामाच्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी आणि हाडं यांच्यावरचा खर्च कापतं, याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये रेड-एस (खेळाडूंमधली ऊर्जेची कमतरता) असं नाव दिलं आणि हे मुलांनाही होतं बरं का. हिशोब करून बघू. वजन ५० किलो, त्यातली चरबी सोडून ४० किलो धरा. दर किलोमागे साधारण ४५ कॅलरी शरीराच्या रोजच्या कामाला उरल्या पाहिजेत, म्हणजे १८००, आणि प्रॅक्टिसमध्ये ६०० जळतात, झाले २४००. ही पोरगी पहाटे चहा-बिस्कीट, मग प्रॅक्टिस, तशीच कॉलेजला, दुपारी दोनला डब्यातल्या दोन पोळ्या, रात्री वरणभात. डाएट वगैरे काही करत नव्हती हो, मेसची वेळ आणि प्रॅक्टिसची वेळ जुळतच नव्हती. न्यूट्रिशनिस्टनं तिला महागडा डबा नाही दिला, पहाटे केळं, प्रॅक्टिस संपल्या संपल्या दूध आणि राजगिऱ्याचे लाडू, बॅगेत कायम शेंगदाणे-गूळ, इथून सुरुवात केली. हे शिकायला न्यूट्रिशन किंवा होम सायन्सची बीएस्सी आणि मग मास्टर्स, शिवाय इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियनची, परीक्षा, ती द्याच. वीकेंडचं सर्टिफिकेट घेऊन पावडर विकणं म्हणजे स्पोर्ट्स न्यूट्रिशन नव्हे.

आणि तिसरं, ज्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. तिची डायरी बघून एक्सरसाइज सायन्सवाल्या मुलानं सांगितलं की तीन आठवड्यांत आठवड्याचं अंतर ३५ किलोमीटरवरून ६० वर गेलंय. हाड बरं झाल्यावर एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असा परत यायचा प्लॅन त्यानंच माझ्याबरोबर बसून बांधला. ज्यांना आकड्यांची आवड आहे, मास्क लावून ट्रेडमिलवर व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते) मोजणं, बोटाला टोचून लॅक्टेट (जोरात पळताना रक्तात वाढणारा पदार्थ) बघणं, त्यांनी इकडे या, बीपीएड, बीएस्सी, फिजिओ, बऱ्याच जणांना प्रवेश मिळतो, फक्त प्रत्येक विद्यापीठाची अट वेगळी असते, ती वाचा.

लोन काढून बाहेर जाणाऱ्यांनो, अमेरिकेत एक्सरसाइज सायन्सचं एमएस करून फिजिओचं लायसन्स मिळत नाही. तिथला अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे जिमचा ट्रेनर नव्हे, मैदानावरची दुखापत सांभाळणारा तो वेगळा पेशा आहे, त्याला मान्यता असलेलं मास्टर्स आणि बीओसीची, म्हणजे या पेशाला प्रमाणपत्र देणाऱ्या तिथल्या बोर्डाची, परीक्षा लागते. आणि तिकडे डायटिशियनच्या परीक्षेलाही २०२४ पासून मास्टर्स सक्तीचं आहे.

कॉलेज बघायला गेलात की ब्रोशर बाजूला ठेवा, सेकंड इयरच्या मुलांना गाठा आणि विचारा, गेल्या महिन्यात किती दिवस ग्राउंडवर होतास? लॅबमधली मशीन स्वतःच्या हातानं वापरलीस का? मी पहिल्यांदा चौकशीला गेले होते त्या कॉलेजात मशीन मस्त होतं, पण त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ. मी तिथला फॉर्म भरला नाही.