सुरू होताना डिस्क तपासली जात नाही तेव्हा

मित्रहो, आजचा विषय विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींचा आहे. सुरुवात मात्र विंडोजपासून करतो, कारण कोल्हापुरात शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या बहुतेक काउंटरवर आपल्याला तीच भेटते. डिस्कवरील चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या चेकडिस्कचा आदेश दिला, पुढच्या वेळी सुरू होताना तपासणी करायची का या प्रश्नाला आपण ‘वाय’ दाबून होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र थेट डेस्कटॉपवर आले, तर ‘हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावे लागेल’ असे ग्राहकाला सर्रास सांगितले जाते. याला माझा मनापासून विरोध आहे. अशा वेळी दोष डिस्कचाच असतो असे नाही. अनेकदा तपासणीची नोंद अमलात येण्याची वेळच आलेली नसते.

मार्केट यार्डातील एका गुळाच्या अडत दुकानात हेच घडले होते. ऐन हंगामात शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची फाइल उघडेना. लाईट जाऊन यंत्र अनेकदा मध्येच बंद पडलेले होते, आणि आधी येऊन गेलेल्या तंत्रज्ञाने फॉरमॅटचाच सल्ला दिला होता. दिवाणजी रोज संध्याकाळी शिस्तीने शटडाउन करीत आणि सकाळी बटण दाबीत. सारी गोम त्या शिस्तीतच होती. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय आहे, ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. खरे बूट, म्हणजे प्रणाली मुळापासून सुरू होणे, होतच नाही, मग बूटच्या वेळची तपासणी कोठून होणार? आम्ही आधी उघडणाऱ्या सर्व फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि मग दिवाणजींना ‘रीस्टार्ट’ करायला सांगितले, कारण त्यात खरे बूट होते. काळ्या पडद्यावर सेकंद उलटे मोजले जाऊ लागताच शेजारच्या मुलाने सवयीने एंटर दाबले आणि तपासणी टळली, कारण त्या क्षणी कोणतीही कळ दाबणे म्हणजे नकार. पुन्हा आदेश देऊन, कीबोर्डपासून सर्वांना दूर ठेवून रीस्टार्ट केले, तेव्हा तपासणी पूर्ण झाली आणि फाइल उघडली.

रीस्टार्ट करूनही तपासणी होत नसेल, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात, ‘सेशन मॅनेजर’खालील ‘बूटएक्झिक्यूट’ ही नोंद पाहावी. तेथे ऑटोचेकची, म्हणजे बूटच्या वेळी तपासणी करवणारी, ओळच नसेल, किंवा तिच्यात ‘स्लॅश के’ आणि ड्राइव्हचे अक्षर असेल, म्हणजे तो ड्राइव्ह कोणीतरी वगळलेला असेल, तर ‘चेकएनटीएफएस स्लॅश डी’ या आदेशाने मूळ स्थिती परत आणता येते. तपासणी खरोखर झाली का, हे विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये विनइनिट या स्रोताच्या 1001 क्रमांकाच्या नोंदीत दिसते. ग्राहकाला ती उघडून दाखवावी, असा माझा आग्रह आहे.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, म्हणून लिनक्सचे थोडक्यात सांगतो. डिस्कचे विभाग कसे जोडायचे हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत सहावा रकाना शून्य असेल, तर त्या विभागाची तपासणी होत नाही. मूळ विभागाला 1 आणि इतरांना 2 द्यावा. ई-टू-एफएसप्रॉग्ज या साधनसंचाच्या 1.42 आवृत्तीपासून एक्स्ट या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-रचनेतील नव्या विभागांवर ठरावीक काळाने होणारी तपासणी मुळातच बंद असते. ती ट्यून-टू-एफएस या आदेशाने चालू करावी लागते. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल-रचनेवर बूटच्या वेळचे एफएससीके, म्हणजे लिनक्सचे तपासणी-साधन, सहसा काहीच करीत नाही, तेथे विभाग अनमाउंट करून, म्हणजे प्रणालीपासून सोडवून, एक्सएफएस-रिपेअर चालवावे. एकदाच सक्तीने तपासायचे असेल, तर ग्रब या सुरुवातीच्या मेनूमध्ये कर्नलच्या ओळीला ‘एफएससीके.मोड=फोर्स’ जोडावे. उबुंटूत मूळ विभागाची तपासणी सहसा इनिट्रॅमएफएसमध्येच, म्हणजे बूटच्या आरंभी चालणाऱ्या तात्पुरत्या प्रणालीतच, उरकते, त्यामुळे तिचा लॉग ‘रन’मधील ‘इनिट्रॅमएफएस’ फोल्डरात शोधावा.