शाई वाळते म्हणजे नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी. शाईवर बोलायचं म्हटलं की लोक रंगाबद्दल विचारतात. मी रंगाचं एका वाक्यात उरकतो. रंगद्रव्याचे बारीक कण शाईत विरघळत नाहीत, ते विखुरलेले असतात आणि बाइंडर नावाचं चिकट रेझिन त्यांना पृष्ठभागाला धरून ठेवतं. मला बोलायचंय ते शाई वाळण्याबद्दल. छापलेला कागद हाताला कोरडा लागला की आपण शाई वाळली म्हणतो. पण रसायनशास्त्राचा प्रश्न वेगळा आहे. शाईतले रेणू जागच्या जागी पक्के झाले का, की काही अजून सुटे आहेत? शाईचा जो काही धोका आहे, तो या सुट्या रेणूंचा.

वर्तमानपत्रापासून सुरुवात करू. त्याची काळी शाई म्हणजे मुख्यतः खनिज तेलात घोटलेली काजळी, म्हणजेच कार्बन ब्लॅक. कागदावर आली की तेल तंतूंमध्ये जिरतं, काजळी वर राहते आणि छपाई संपते. रासायनिक क्रिया काहीच होत नाही. तेल लगेच उडून जात नाही, घट्टही होत नाही. सकाळी पेपर वाचून बोटं काळी होतात ती यामुळेच. आता या कागदावर कढईतून काढलेला वडा ठेवा. वडा गरम आणि तेलकट, शाईही तेलाची. शाईतलं तेल खाण्यात जायला यापेक्षा सोयीची परिस्थिती नाही. भारताच्या २०१८च्या अन्न पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला स्पष्ट मनाई केली आहे. तरी गाड्यांवर हा कागद दिसतो, कारण तो स्वस्तात मिळतो. गाडीवाल्याला दंड करण्याआधी त्याला परवडेल असा कोरा कागद मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

खरी वाळणारी शाई पाहायची तर जवसाच्या तेलाकडे जावं लागतं. गुटेनबर्गच्या काळापासून युरोपातली छपाई अशा तेलाच्या वार्निशवर चालली. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापलं, तेव्हा शाईसुद्धा त्यांनी स्वतःच बनवली होती. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं आणि त्याच्या प्रत्येक साखळीत तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन त्या बंधांशेजारी हल्ला करतो, पेरॉक्साइडं तयार होतात, ती फुटतात आणि एक साखळी दुसरीला जोडली जाते. पातळ तेलाचं बहुवारिकाचं, म्हणजे पॉलिमरचं, जाळं होतं. गंमत म्हणजे ऑक्सिजन आत घेतल्यामुळे हे तेल वाळताना आधी वजनाने वाढतं! नुसत्या हवेवर सोडलं तर याला दिवस लागतात, म्हणून शाईत कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार अगदी थोडे घालतात. छापखान्यात त्यांना ड्रायर म्हणतात.

प्लास्टिकच्या पाउचवर यातलं काहीच चालत नाही. तिथे तेल जिरायला तंतू नाहीत आणि वाट पाहायला वेळही नाही, कारण ग्रॅव्ह्यूर मशीनवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने छापणाऱ्या यंत्रावर, फिल्म मिनिटाला शेकडो मीटर धावते. म्हणून नायट्रोसेल्युलोज किंवा पॉलियुरेथेन हे बाइंडर इथाइल ॲसिटेटसारख्या द्रावकात विरघळवतात, आणि गरम हवेने द्रावक उडवतात. अडचण दोन ठिकाणी येते. पॉलिइथिलीन या पाउचच्या प्लास्टिकची पृष्ठऊर्जा मीटरला साधारण ३१ मिलिन्यूटन इतकी कमी असते, शाई त्यावर पसरतच नाही. कोरोना ट्रीटमेंटने, म्हणजे विजेच्या स्रावाने, ती ३८च्या वर न्यावी लागते. फिल्म गोदामात पडून राहिली की हा परिणाम ओसरतो आणि मग चिकटपट्टी लावून ओढली की छपाई तिच्यासोबत निघून येते. दुसरी अडचण फिल्ममध्ये अडकून राहिलेल्या द्रावकाची. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरच्या शाईसाठी आयएस १५४९५ हे भारतीय मानक आहे, आणि त्याने टोल्युइन या द्रावकाला आता मनाई केली आहे. हा निर्णय योग्यच आहे.

अतिनील किरणांनी वाळणारी शाई आली तेव्हा वाटलं, प्रश्न सुटला. द्रावक नाही, वासही कमी. फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाशाने क्रिया सुरू करणारा रेणू, किरण शोषून क्रियाशील होतो, मग ॲक्रिलेट नावाचे लहान रेणू एकमेकांना जोडले जातात आणि क्षणार्धात घट्ट थर तयार होतो. पण फोटोइनिशिएटरचा प्रत्येक रेणू वापरला जात नाही. २००५च्या नोव्हेंबरमध्ये इटलीत बाळांच्या दुधात आयसोप्रोपिल थायोझँथोन हे असंच एक फोटोइनिशिएटर सापडलं आणि लाखो लिटर दूध जप्त झालं. शाई तर खोक्याच्या बाहेरच्या बाजूला होती, आणि आत ॲल्युमिनियमचा पत्रा होता. मग ते दुधात गेलं कसं? पत्र्यातून नाही. छापलेला माल रिळावर गुंडाळला जातो तेव्हा एका वेढ्याची छापील बाजू पुढच्या वेढ्याच्या आतल्या बाजूला टेकते. उरलेला इनिशिएटर तिथे उतरला आणि तीच बाजू पुढे दुधाला लागली. याला सेट-ऑफ म्हणतात. सापडलेल्या प्रमाणात आरोग्याची चिंता नाही, असं युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नंतर सांगितलं. पण बाळाच्या दुधात त्याला जागा नाही, यावर कोणाचं दुमत नव्हतं. या रेणूचं रेणुभार सुमारे २५४. साधारण १,०००च्या पुढचे रेणू आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत, म्हणून आता मोठ्या, बहुवारिक साखळीला बांधलेल्या इनिशिएटरांकडे उद्योग वळला आहे.

पाकिटाच्या आतल्या अस्तराबद्दलही एक गैरसमज आहे. आतून प्लास्टिक आहे म्हणजे पदार्थ सुरक्षित, असं धरून चालतात. २०१०च्या सुमारास झुरिकच्या प्रयोगशाळेत कोनी ग्रोब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पुनर्वापराच्या पुठ्ठ्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या शाईचं खनिज तेल राहतं आणि ते वाफेच्या रूपाने कोरड्या धान्यपदार्थांत शिरतं. त्यासाठी स्पर्शही लागत नाही. पॉलिइथिलीनची पिशवी त्याला जवळजवळ अडवतच नाही, पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, आणि ॲल्युमिनियम अडवतात. म्हणजे कोणतं बहुवारिक कोणत्या रेणूला अडवतं, हे पाहूनच अस्तर निवडायला हवं.

इथे बसलेल्या मुद्रकांना एक आग्रहाची विनंती. अंगठा फिरवून किंवा द्रावकाचा बोळा घासून थर कडक झाला का एवढंच कळतं, आत काय सुटं उरलं ते कळत नाही. त्यासाठी पाणी, ३ टक्के ॲसिटिक आम्ल, १० टक्के इथेनॉल अशा, खाद्यपदार्थाची जागा घेणाऱ्या द्रवांत नमुना ४० अंश सेल्सिअसला १० दिवस ठेवून स्थलांतर, म्हणजे वेष्टनातून किती रेणू त्यात उतरले ते, मोजतात. एकूण स्थलांतराची मर्यादा पदार्थाच्या किलोला ६० मिलिग्रॅम आहे. फोटोइनिशिएटरसारख्या एकेका सुट्या रेणूचा मात्र वेगळा शोध घ्यावा लागतो. आणि ही चाचणी शाईच्या डब्यातल्या नमुन्यावर करू नका. तुमच्या मशीनवर छापलेल्या, लॅमिनेट झालेल्या आणि काही दिवस रिळावर गुंडाळून ठेवलेल्या मालावर करून घ्या.