चारशे बाराचा आकडा आणि आक्काची बोरमाळ

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, जिथून ऐकत असाल तिथून ऐका. मी तीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासत होते. आता घरी असते, पण फोन काही थांबत नाहीत. "मावशी, रिपोर्टात कॅन्सरचा आकडा वाढलाय म्हणे. खरं काय?" आज त्याच आकड्याविषयी बोलायचं. ट्यूमर मार्कर म्हणतात त्याला, कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा पदार्थ. पण आधी आक्काची गोष्ट. बाकीचं वेळ उरला तर.

आक्का म्हणजे माझी चुलत बहीण, दिली खानापूर तालुक्यात, पार जंगलाच्या कडेला. त्या पावसाळ्यात तिचं पोट फुगायला लागलं. हातपाय काड्या आणि पोट सातव्या महिन्याचं. दिवस मावळला की अंगात कणकण. कोणी गॅस म्हणालं, कोणी करणी म्हणालं. पुतण्या शिकलेला, त्यानं मोबाईलवरनं सगळ्या शरीराच्या तपासणीचं पॅकेज घेतलं, निम्म्या किमतीत. (निम्म्या किमतीत साडी घ्यावी, कुकर घ्यावा. रक्ताची तपासणी स्वस्त मिळाली म्हणून करायची नसते. पण माझं ऐकतंय कोण!)

रिपोर्ट आला. सीए १२५ : ४१२. शेजारी लिहिलेलं, ३५ पर्यंत नॉर्मल. पुतण्यानं ते नाव मोबाईलवर शोधलं आणि पहिल्याच ओळीत अंडाशयाचा कॅन्सर निघाला. झालं.

घरात रडारड. पुण्याची लेक रात्रीच्या गाडीत बसली, दीर गोव्याहून आले. दुभती म्हैस विकायचं ठरलं, गिऱ्हाईक कास बघून गेलंसुद्धा. आक्का तेवढी रडली नाही. तिनं ट्रंक उघडली. तांब्याची घागर लेकीला, इरकल नणंदेला, आणि बोरमाळ स्वतःच्या हातानं थोरल्या सुनेच्या गळ्यात घातली. म्हणाली, "मी हाय तवर घाल. मागनं भांडू नकासा."

मी पोचले तेव्हा त्या ४१२ वर लाल पेनानं तीनदा गोल केलेला. आधीच्या पानावर मात्र कुणाचं लक्ष नाही. हिमोग्लोबिन ९, म्हणजे रक्त कमी, आणि ईएसआर ९०, म्हणजे अंगात कुठंतरी सूज किंवा जंतू असल्याची खूण. मी विचारलं, "रात्री घाम येतो काय गं?" "येतोय की. चोळी पिळून काढावी लागती." "घरात कुणाला जुना खोकला?" सगळे गप्प. मग दीर हळूच म्हणाले, बाबांना दोन वर्षांमागं टीबी झालेली.

बेळगावला आणलं. सुईनं पोटातलं पाणी काढलं, वाळल्या गवताच्या रंगाचं. त्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मात्र खच्चून, आणि क्षयात वाढते ती एडीए नावाची तपासणी वाढलेली. दुर्बिणीतून पोटात पाहिलं तर आतल्या पडद्यावर ज्वारीच्या कण्या सांडल्यासारखे पांढरे ठिपके. त्यातला तुकडा तपासला. पोटाचा क्षय निघाला! सहा महिने सरकारी गोळ्या, त्याही फुकट. पोट उतरलं, भूक लागली, आणि शेवटी तोच सीए १२५ परत केला तर १८.

असं का झालं? हे प्रथिन फक्त अंडाशयातली गाठच तयार करते असं नाही. पोटाचं आतलं अस्तरही तयार करतं. ते सुजलं की आकडा चढतो. पाळीत चढतो, गरोदरपणात चढतो, लिव्हर बिघडून पोटात पाणी झालं तरी चढतो. उलट अंडाशयाचा कॅन्सर अगदी सुरुवातीला असताना जवळपास निम्म्या बायकांत हा आकडा नॉर्मल असतो. परत सांगते. वाढला म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि नॉर्मल आहे म्हणजे सुटलो असंही नव्हे. बहुतेक वेळा तुकडा तपासल्यावरच निदान पक्कं होतं.

पुरुषांचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीचा मार्कर, तसाच. प्रोस्टेट वयानं वाढलं, लघवीत जंतू झाले, नळी घातली, तरी तो वर जातो. कावीळ झाली की सीए १९-९, स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी बघतात तो, वर जातो. आणि सीईए, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी बघतात तो मार्कर, जो १९६५ साली कॅनडात मॉन्ट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधला, तो विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नसतानाही जरा वरच असतो. निपाणीकरांनी हे ऐकून ठेवावं. तंबाखूवर मी बोलले की तिकडचे पाहुणे रागावतात. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी तिथले शेतकरी रस्त्यावर बसले होते ते मला माहीत आहे, त्यांचं दुखणंही खरं होतं. पण तोंडाच्या कॅन्सरला असा भरवशाचा रक्तातला मार्कर नाही. तिथं आरसा आणि बॅटरी. पांढरा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडात पूर्वीसारखा घास मावत नाही, यातलं काही दिसलं तर डॉक्टरकडे जा, पॅकेज घेऊ नका.

मग हे मार्कर करायचेच कशाला? कॅन्सर ठरल्यानंतर ते फार कामाचे. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, आधी वाढलेला सीईए चार-सहा आठवड्यांत खाली आला, तर ती चांगली खूण. नाही उतरला, किंवा उतरून वर्षानं परत चढायला लागला, तर डॉक्टर स्कॅन करून शोधतात. तरुण पोरांच्या वृषणाच्या कॅन्सरमध्ये एएफपी आणि बीटा एचसीजी या दोन मार्करांवरून आजार किती बळावलाय, औषध किती जोराचं द्यायचं, हेसुद्धा ठरतं. म्हणून एक आकडा बघू नका, चार महिन्यांचे आकडे ओळीनं बघा. आणि तपासणी दरवेळी एकाच लॅबमध्ये करा, मशीन बदललं की आकडा बदलतो. एकच लॅब. जुने रिपोर्ट तारखेवार लावून ठेवा, लग्नपत्रिकांच्या पिशवीत कोंबू नका.

वेळ संपत आला. आक्का ठणठणीत आहे. म्हैस दावणीलाच राहिली, घागर लेकीनं आपणहून परत आणून दिली. बोरमाळ मात्र सुनेनं नव्यानं गाठवून घेतली, ती काही गळ्यातून निघत नाही. आक्का तोंडानं मागत नाही. परवा गेले तर सून चहा ठेवायला आत गेलेली बघून माझ्या कानाशी लागली, "मरायची ऱ्हायले, त्यात माझी काय चूक गं?"