एरर नाही, तरी रोबोट जागचा हलेना

[दृश्य : रबाळे एमआयडीसीतला गाळा. टेबलावर दोन चाकांचा रोबोट, शेजारी लॅपटॉप.]

ठाणे-वाशी मार्गावरचं रबाळे. इथल्या एका गाळ्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं रोबोटला वीतभर पुढे सरकवायला बसली आहेत. आतलं सॉफ्टवेअर ‘रॉस’, म्हणजे रोबोट ऑपरेटिंग सिस्टिम. २००७ पासून विलो गॅरेज या अमेरिकी रोबोट प्रयोगशाळेने ते वाढवलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. यात प्रत्येक काम वेगळ्या नोडकडे, म्हणजे एका छोट्या प्रोग्रॅमकडे असतं आणि नोड एकमेकांशी टॉपिकवरून, म्हणजे नाव दिलेल्या संदेश-वाहिनीवरून बोलतात.

[दृश्य : टर्मिनलवर लाल अक्षरं.]

पहिली चूक लगेच सापडली. ‘इनिट-नोड’ची, म्हणजे नोड सुरू करणारी ओळ राहिली होती. पायथन भाषेत पब्लिशर, म्हणजे टॉपिकवर संदेश टाकणारा भाग, तयार होईपर्यंत कुणी हरकत घेत नाही. ‘पब्लिश’ केलं की मात्र प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि सांगतो, आधी नोड इनिशियलाइझ करा. ओळ वर टाकली, लाल अक्षरं गेली.

रोबोट हलला नाही.

“सर, एरर तर काहीच नाही.”

“मोटारचा नोड जोडला गेला होता का, ते बघ.”

खरा घोळ इथे आहे, आणि मुलांना सगळ्यात जास्त रडवतो तो हाच. पब्लिशर आधी मास्टरकडे, म्हणजे सगळ्या नोडांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, नाव नोंदवतो. मास्टर मोटारच्या नोडला पब्लिशरचा पत्ता कळवतो, मग ते दोघं थेट जोडले जातात. याला क्षणभर लागतो. तेवढ्यात आपला प्रोग्रॅम एकदाच संदेश टाकून बंदही झालेला असतो. ऐकायला कुणी नव्हतं, संदेश वाया गेला. तक्रार कुठेच उमटत नाही.

बरेच जण एक सेकंदाचा ‘स्लीप’, म्हणजे थांबा, टाकून मोकळे होतात. ते चालतं, पण नशिबावर. किती जण जोडले गेलेत ते विचारून मगच पाठवणं बरं. त्यातही शेजारच्या टर्मिनलवर कुणी ‘एको’, म्हणजे टॉपिकवरचे संदेश दाखवणारा हुकूम, लावून ठेवला असेल तर तोही मोजला जातो, याचं भान हवं. ‘लॅच’ लावला की शेवटचा संदेश जपून ठेवला जातो आणि उशिरा जोडल्या गेलेल्या नोडलाही मिळतो. नकाशासाठी ते छान. वेगाच्या हुकमाला तो लावूच नये. मोटारचा नोड पुन्हा सुरू झाला की जुना हुकूम मिळतो आणि रोबोट अचानक धावतो.

[दृश्य : मुलगी कोड बदलते. चाकं फिरतात.]

हे सगळं रॉस १चं, म्हणजे रॉसच्या पहिल्या पिढीचं. तिची शेवटची आवृत्ती नोएटिक. तिचा अधिकृत सपोर्ट मे २०२५मध्ये संपला. रॉस २मध्ये मास्टर नाही, नोड एकमेकांना स्वतःच शोधतात. पण ‘इनिट’ तिथेही आधीच करावं लागतं आणि शोधायला वेळ तिथेही लागतो.